घरापासून वीस मिनिटांवरची अवे मॅच

माझ्या फुटबॉल क्लबच्या अवे मॅचची, म्हणजे दुसऱ्याच्या ग्राउंडवरच्या मॅचची, तिकीटविक्री सकाळी १० ला सुरू होणार म्हणून मी ९:४० लाच ऑफिसच्या पँट्रीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. एका खिडकीत मीटिंग चालू, कॅमेरा बंद, दुसऱ्या खिडकीत क्लबची साइट. १० वाजून २ मिनिटांनी स्क्रीनवर ओळ आली की तुम्ही या टप्प्यासाठी पात्र नाही. आता यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं, ई-मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं किमान किती पॉइंट (आधी केलेल्या अवे मॅचचे) लागतील ते आणि माझे किती आहेत ते मला पाठ आहे, पण दहावीच्या निकालाला कसं आपल्याला माहीत असतं पेपर कसा गेलाय तरी वाटतं बोर्डाकडून चुकून काहीतरी चांगलं होईल, तसं.

माझे पॉइंट ३. लागणारे ३० च्या वर.

आणि मॅच कुठे, तर पश्चिम लंडनमधल्या ब्रेंटफर्डला. मी राहतो आयझलवर्थला. घराजवळच्या स्टॉपवर २३७ नंबरची बस पकडली की ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटांत क्यू ब्रिज, तिथं उतरलं की स्टेडियम समोरच. म्हणजे वर्षभर मी ज्या ग्राउंडवरून डेंटिस्टकडे जातो तिथं माझा क्लब खेळायला येणार आणि मी सोडून देशभरातले लोक ते बघायला येणार. (क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मी पब्लिक इथूनच परत फिरेल आणि उरलेली निम्मी मॅनेजरला शिव्या घालायला लागेल. मोठा क्लब आहे, लंडनचा नाही, एवढं पुरे.)

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगचा, नियम असा की पाहुण्या टीमच्या लोकांना ३,००० तिकिटं द्यायची, आणि ग्राउंडची कपॅसिटी ३०,००० च्या खाली असेल तर १० टक्के. ब्रेंटफर्डची कपॅसिटी १७,२५०, म्हणजे हिशोबानं सव्वासतराशे. बोर्नमथला तर ग्राउंडच साडेअकरा हजाराच्या आतलं, तिथं हजार-बाराशेचा मामला. २०२३-२४ ला ल्यूटन या लीगमध्ये वर आले होते तेव्हा तीच गत, त्या ग्राउंडचं अवे गेट लोकांच्या बैठ्या चाळीसारख्या घरांच्या रांगेतून आत जातं, जिना चढताना लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे दिसतात. अशा ग्राउंडवर तिकीट मिळणं म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, एवढं मला कळतं आणि त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो उलट्या बाजूचा. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला ७४,००० माणूस बसतो आणि तिथंही पाहुण्यांना तेच ३,०००, म्हणजे ४ टक्के. छोट्यानं आपल्या ताटातलं १० टक्के वाढायचं आणि मोठ्यानं ४ टक्क्यात हात धुवायचे. बरं, जागा करता येत नाही असंही नाही. एफए कपला, म्हणजे लीगपेक्षा वेगळ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, पाहुण्यांना १५ टक्क्यांपर्यंत मिळतात. ३ जानेवारी २०१० ला लीड्सची टीम, तेव्हा तिसऱ्या पायरीवर घसरलेली, याच कपसाठी ओल्ड ट्रॅफर्डला आली तर सोबत ९,००० माणूस आलं होतं, त्यांच्या बेकफर्डनं गोल टाकला, १-० नं जिंकले आणि ते ९,००० लोक त्या दिवशी काय ओरडले असतील ते ओरडले. मग तेच ग्राउंड, तेच पोलीस, त्याच खुर्च्या, आणि लीगला ३,०००. का, तर उरलेल्या खुर्च्या सीझन तिकीटवाल्यांना आणि हॉस्पिटॅलिटीवाल्यांना विकलेल्या असतात. पाहुण्याचं तिकीट ३० पौंडाच्या वर विकता येत नाही, तीच खुर्ची घरच्या माणसाला किंवा फिरायला आलेल्या टुरिस्टला किती तरी जास्त पैशाला जाते. एवढं साधं आहे ते, यात सुरक्षेचं कारण किती आणि गल्ल्याचं किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी ठरवलंय.

या ३० पौंडाचीही गंमत आहे. ती मर्यादा आपोआप आली नाही, लोकांनी भांडून घेतलेली आहे. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलनं मँचेस्टर सिटीच्या लोकांना ६२ पौंडाला तिकीट लावलं आणि ३,००० पैकी ९१२ तिकिटं परत गेली, नकोच म्हणाले. 'वीस पौंड पुरे' अशी मोहीम झाली. फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलचे हजारो लोक सदरलंडबरोबरच्या मॅचला, सॉरी, संडरलंडबरोबरच्या (दरवेळी माझं हे होतं), ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले, कारण क्लबनं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं होतं. टीम २-० नं पुढे होती, लोक गेले आणि मॅच २-२ झाली. मालकांनी काही दिवसांतच तो बेत गुंडाळला. त्याच वर्षी, २०१६-१७ च्या मोसमापासून, अवे तिकिटाला ३० पौंडाची मर्यादा आली.

चांगलंच झालं. पण ६२ पौंडाला ९१२ तिकिटं परत जात होती तिथं ३० पौंडाला एकही परत जात नाही. आता तिकीट परवडतं आणि मिळत नाही. आधी दात होते चणे नव्हते, आता चण्यांचं दुकान आहे आणि शटर खाली.

तर मग ही सव्वासतराशे तिकिटं मिळतात कुणाला? आधी त्यातून खेळाडू, स्टाफ, स्पॉन्सर यांची काढतात. मग जे लोक वर्षाची प्रत्येक अवे मॅच करतात त्यांची. मग पॉइंटप्रमाणे वरून खाली. तुम्ही अवे मॅचला गेलात की तुम्हाला पॉइंट, पॉइंट वाढले की पुढच्या मॅचला तुमचा नंबर आधी. आणि पॉइंट मिळवायचा रस्ता कुठला, तर अवे मॅचला जाणं. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातीत असायचं ना, अनुभव असलेलाच पाहिजे, आणि अनुभव नोकरीशिवाय कुठून आणणार, तोच चमत्कार. काही क्लब थोडी तिकिटं लॉटरीनं काढतात, आमचाही काढतो, मी प्रत्येक वेळी नाव घालतो, अजून निघालेलं नाही. आमच्या भिशीतही माझं नाव शेवटीच निघायचं.

माझे ३ पॉइंट कसे जमले तेही सांगतो. दोन लीग कप या दुय्यम स्पर्धेतले, मंगळवारी रात्री, छोट्या गावात, मोठे खेळाडू घरी आणि पोरंटोरं मैदानात. तिसरा न्यूकॅसलचा. सोमवारी रात्री ८ ची मॅच, टीव्हीवाल्यांच्या सोयीनं, म्हणून पॉइंटवाल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी हात वर केले आणि तिकीट माझ्यापर्यंत घरंगळत आलं. अर्धी रजा टाकली, किंग्ज क्रॉसवरून तीन तासांची गाडी. सेंट जेम्स पार्कला पाहुण्यांची जागा पार वरच्या मजल्यावर, चौदा जिने चढून. मी ज्योतिबाचा डोंगर चढलेला माणूस, म्हटलं यात काय, नवव्या जिन्याला जीभ बाहेर. वरून खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे दिसतात, पण सगळं मैदान नकाशासारखं पसरलेलं दिसतं, आणि मागून ३,००० लोकांचं गाणं पाठीत घुसतं, ते शब्दात सांगता येणार नाही. आम्ही २-० नं हरलो. रात्री दहानंतर लंडनला परतायला गाडीच नाही. रात्रभराची बस, पहाटे व्हिक्टोरिया, तोंड धुऊन सरळ ऑफिस. एक पॉइंट.

तिथं माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, चौदा जिने चढून आलेले, माझ्यापेक्षा कमी धापा टाकत. सत्तरच्या दशकापासून जातायत म्हणाले. ॲपबिप नातू बघतो. मी माझं रडगाणं गायलं, पॉइंटची सिस्टीम कशी नव्या माणसाला आत येऊ देत नाही वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, टीम खालच्या डिव्हिजनला पडली होती तेव्हा मी जायचो, पाऊस होता, आम्ही दोनशे जण असायचो, तू तेव्हा कुठे होतास? मी म्हटलं कोल्हापुरात, दुसरीत. हसले. मग स्वतःच म्हणाले की मी गेल्यावर माझे पॉइंट कुणाला, यावरून घरात आत्ताच वाद चालू आहेत.

आता या माणसापुढे मी कुठल्या तोंडानं म्हणू की माझा हक्क आहे? नाहीच म्हणू शकत. माझी पंचाईत तीच आहे. पॉइंटची सिस्टीम बंद करा असं मला म्हणायचं नाही, बंद केली तर त्या म्हाताऱ्याची जागा कुणीतरी फास्ट वायफायवाला उडवेल, कदाचित मीच. चिडायचं तर कुणावर हेच धड कळत नाही आणि मग लोक एकमेकांवर चिडतात. पॉइंटवाले म्हणतात हे टीव्हीवर बघून आलेले हौशे-गवशे. नवे म्हणतात हे जुने खोंड जागा अडवून बसलेत. सगळं भांडण तीन हजारांच्या आत, आणि तो आकडा ज्यांनी ठरवला ते वीस क्लब बाजूला बसून आमच्या गाण्यांचा आवाज टीव्हीवर विकतायत. त्यांच्या जाहिरातीत बघा, कुठल्या कोपऱ्यातले लोक दाखवतात. खुर्च्या द्यायची वेळ आली की कोपरा.

अर्थात पॉइंटवाले सगळेच काही ते आजोबा नाहीत. तिकीट स्वतःच्या नावावर घ्यायचं, जायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं आणि पॉइंट आपल्याकडे ठेवायचा, हा धंदा उघड चालतो. पॉइंट माझा, खुर्ची तुझी. फुकट दिलं किंवा त्याच किमतीला दिलं तर ठीक, मैत्रीत चालतं, पण मला व्हॉट्सॲपवर एकानं ३० पौंडाच्या तिकिटाचे २२० सांगितले होते. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट असं परवानगीशिवाय विकणं १९९४ पासून गुन्हा आहे, कॉन्सर्टचं चालतं पण फुटबॉलचं नाही, तरी ब्लॅकवाले आहेतच. आता काही क्लब ऐनवेळी गेटवर ओळखपत्र बघतात, तर कधी तिकीट मॅचच्या दिवशी ग्राउंडवरच येऊन घ्यायला लावतात. त्यानं आकडा वाढत नाही पण निदान रांग सरळ होते.

मी स्वतः काय साव नाही. एकदा लंडनमधल्याच एका ग्राउंडवर मी यजमानांच्या स्टँडमधलं तिकीट घेऊन बसलो होतो. नियमात बसत नाही ते, सापडलात तर बाहेर काढतात. करडा स्वेटर, कसलाही रंग अंगावर नाही. २३ व्या मिनिटाला आमचा गोल झाला. आणि मी तोंड पाडून बसलो. शेजारचा माणूस शिवी हासडून माझ्याकडे बघून म्हणाला डिफेन्सच नाही आपला, मी म्हटलं हो ना, नाहीच. समोरच्या कोपऱ्यात आमचे तीन हजार एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि मी मांडीखाली हात दाबून बसलेलो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतला पोरगा शिवाजी पेठेच्या घोळक्यात बसलाय आणि त्याच्या पाटाकडील तालमीच्या टीमनं गोल टाकलाय, असं समजा. कोल्हापूरकराला यापुढे सांगायची गरज नाही.

कोल्हापूरचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे अवे हा प्रकारच नव्हता. सगळ्या टीम गावातल्याच, तालमींच्या, पेठेपेठेच्या, आणि सगळ्यांचं ग्राउंड एकच, शाहू स्टेडियम. पाटाकडील असो, शिवाजी असो, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, सगळे तिथंच. दोन्ही बाजूची माणसं ठासून भरलेली, ढोल दोन्हीकडं, ईर्षा दोन्हीकडं, पोलीस मधे. तिथं कुणी विचारलं असतं की तुमच्याकडं किती पॉइंट आहेत तर त्याला रंकाळ्यापर्यंत पळवत नेला असता. मी आजोबांचा हात धरून जायचो तेव्हा मला वाटायचं फुटबॉल म्हणजे हेच, निम्मं मैदान आपलं आणि निम्मं त्यांचं. पुढे केबलवर इंग्लंडच्या मॅच दिसायला लागल्या आणि मला तो कोपरा दिसला, चाळीस-पन्नास हजार शत्रूंमधला मूठभर लोकांचा, आणि तोच सगळ्यात जास्त ओरडतोय. क्लब निवडला तो खेळाडूंमुळे असं मी सांगत असतो पण खरं तर त्या कोपऱ्यामुळे. म्हणून होम तिकीट मिळतं अधूनमधून त्यावर समाधान मान असं कुणी म्हटलं की माझी सटकते.

आणि जिथं पाहुण्यांना कमी करत करत शून्यावर आणलं तिथं काय झालंय तेही बघतोच आपण. ग्लासगोत रेंजर्सनं २०१८ ला सेल्टिकच्या लोकांची सात हजारांच्या वरची जागा आठशेच्या आसपास आणली, सेल्टिकनं तसंच उत्तर दिलं, आणि पुढे काही मॅच तर समोरचं एकही माणूस आत नाही अशा झाल्या. जगातली सगळ्यात पेटलेली डर्बी (एकाच गावातल्या दोन टीमची मॅच) आणि एकाच बाजूचा आवाज, लग्नात फक्त वराकडची मंडळी. अर्जेंटिनात तर २०१३ ला हिंसाचारामुळे पाहुण्यांना बंदीच आली, इतकी की २०१८ ला बोका आणि रिव्हर या तिथल्याच दोन टीमची फायनल राड्यामुळे माद्रिदला हलवली तेव्हा दोन्ही टीमचे लोक एका स्टेडियममध्ये बसले, समुद्र ओलांडून. आणि २०१९ ची युरोपा लीगची फायनल, आर्सेनल आणि चेल्सी, दोन्ही लंडनचे, मॅच अझरबैजानमधल्या बाकूला, स्टेडियम ६८,००० चं आणि प्रत्येक क्लबला ६,००० तिकिटं. कारण काय तर विमानतळाला जास्त माणूस झेपणार नाही. अरे मग तिथं ठेवलीच कशाला?

असो. परत ब्रेंटफर्डवर येतो.

मॅच शनिवारी ३ ला. आता इथली आणखी एक गंमत, इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी ३ ची मॅच टीव्हीवर दाखवत नाहीत, पावणेतीन ते सव्वापाच बंदी, का तर लोकांनी घरी न बसता ग्राउंडवर जावं, छोट्या क्लबांची गेट मनी बुडू नये. हेतू चांगला आहे, जुना आहे, मला पटतोही. फक्त मी ग्राउंडवर जायला तयार असताना ग्राउंड मला घ्यायला तयार नाही, आणि टीव्हीही नाही. तिकडे कोल्हापुरात माझा धाकटा भाऊ रात्री साडेआठला जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तीच मॅच लाइव्ह बघणार. सात हजार किलोमीटरवरून. मला वीस मिनिटांवरून दिसणार नाही.

दुपारी दोनला मी घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "अरे एवढं जवळ आहे तर जा की, बाहेर उभा राहून ऐकून ये." टोमणाच होता तो. मी जॅकेट घातलं.

बस आमच्या लोकांनी भरलेली होती, गाणी चालू. एकानं मला विचारलं कुठल्या ब्लॉकला आहेस, मी म्हटलं फुटपाथ. त्यानं पाठीवर थाप मारली, त्याला विनोद वाटला. क्यू ब्रिजला सगळे उतरले, मीही उतरलो, गेटच्या दिशेनं त्यांच्याबरोबर थोडा चाललोही, मग ते आत गेले आणि रस्ता एकदम रिकामा झाला. स्टेडियम रेल्वेच्या रुळांच्या बेचक्यात घुसवलेलं आहे, बाहेरून आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. एक स्टुअर्ड, दोन पोलीस, एक बर्गरवाला आवराआवर करत असलेला, आणि मी. थंडी बेक्कार.

भावाला फोन लावला.

"दादा, तू आत हैस?"

"बाहेर आहे. तू सांग काय चाललंय."

तो सांगायला लागला. कॉर्नर मिळालाय, वाया गेला, त्यांचा उंच माणूस लई त्रास देतोय, आईनं भाकरी वाढली, फ्री किक. क्लबच्या ॲपवर इंग्रजी कॉमेंट्री असते, ती ऐकता आली असती, पण भाकरीची बातमी त्यात मिळत नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आतून ओरडा ऐकू येतो आणि मग अर्ध्या मिनिटानं भाऊ सांगतो काय झालं ते. त्याचं स्ट्रीमिंग मागे होतं. म्हणजे मॅच मला आधी कळत होती, फक्त दिसत नव्हती.

सेकंड हाफला साधारण सत्तराव्या मिनिटाला आतून आवाज फुटला.

"गोल झाला," मी म्हटलं.

"कुठं? इकडं तर बॉल मिडफिल्डलाच है. कुणाचा?"

मी कान दिला. सगळं स्टेडियम हललं नव्हतं. एकाच कोपऱ्यातून येत होता तो आवाज, बारीक, पण थांबायचं नाव घेत नव्हता, सतरा हजारांचा नाही, सतराशेचा.

"आपला," मी म्हटलं. "आवाज बारका आहे."

"थांब थांब," भाऊ म्हणाला, "आत्ता पास दिला…" आणि मी फुटपाथवर उभा राहून, हात वर करून, तो ओरडायची वाट बघत राहिलो.